गंगा गेली हो!

मे महिन्यात रत्नागिरीला गेलं की घरची मोठी माणसं सहली ठरवत, आणि कोकण त्या आपल्या मनाप्रमाणे फिरवून टाकी. दोष कुणाचाच नसे. भाट्याच्या खाडीची भरती काही काकांना विचारून येत नव्हती. परतीच्या एसटीत सीटखाली ठेवलेला बरका फणस कशेडी घाटाच्या वळणांवर फुटला, तर त्याला तरी बोल कसा लावायचा? तो पिकला होता, एवढंच. गाडीभर वास घमघमला. आईनं खोबरेलाची बाटली काढून हातांना तेल चोपडलं आणि घाट उतरेपर्यंत मागच्या बाकापर्यंत गरे पोचवले. कंडक्टरनंही मनापासून खाल्ले. मग पोलादपूरला चढलेल्या उतारूंची तिकिटं त्याच्या बोटांना चिकटून बसली, ती काही केल्या सुटेनात.

पण घरात अजूनही सगळ्यात जास्त सांगितली जाते ती राजापूरच्या गंगेची सहल. राजापूरजवळ उन्हाळे गावाच्या टेकडीवर गंगातीर्थ आहे. तिथल्या चौदा कुंडांत एक दिवस अचानक पाणी येतं. साधारण तीन वर्षांनी गंगा येते, दोन-तीन महिने राहते आणि जाते, असा जुन्या माणसांचा हिशेब. अलीकडे तिनं तो नेमही मोडलाय. जमिनीच्या पोटात वक्रनलिकेसारखी रचना असावी, आतली पोकळी भरली की पाणी ओढलं जात असावं, असा तर्क मांडतात. मला तो पटतो. तरीही ‘गंगा आली’ एवढे दोन शब्द कानावर पडले की अंगावर काटा येतोच.

त्या मे महिन्यात लांज्याचे पाहुणे ही बातमी घेऊन आले आणि आजीला दम निघेना. चौदाही कुंडांवर आंघोळ व्हायलाच हवी, म्हणून प्रत्येकाचे कोरडे कपडे आणि पंचे बांधले गेले. आत्यानं दशम्या केल्या. गंगा घरी आणायला चिंचेनं घासून लख्ख केलेली तांब्याची लोटी आजीनं स्वतःच्या मांडीवर घेतली, ती हातखंबा, पाली, लांजा करत साठ-पासष्ट किलोमीटर दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही.

आम्ही चढण चढून गेलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वर गर्दी नव्हती, हे आजीला फार आवडलं. “बरं झालं, निवांत स्नान होईल,” ती म्हणाली. सावलीत सुपारी कातरत बसलेल्या एका आजोबांनी आमच्या बोचक्यांकडे पाहिलं, अडकित्ता थांबवला.

“गंगा गेली हो! परवापर्यंत होती.”

आम्ही सगळे कुंडात वाकलो. जांभ्याच्या पायऱ्या, तळाशी ओलसर शेवाळ, कोपऱ्यात ओंजळभर पाणी आणि त्यात ऐसपैस बसलेला एक बेडूक. “ह्याची झाली आंघोळ,” धाकटा भाऊ म्हणाला. आत्याला हसू आवरेना, आणि आजीसमोर हसायचं कसं म्हणून तिनं दशम्यांच्या डब्यात तोंड घातलं. आजीनं मात्र त्या ओल्या दगडाला बोटं लावली, डोळ्यांना लावली आणि काकांना विचारलं, “आता?”

आता एकच पाणी उरलं होतं. टेकडीखाली उन्हाळ्याचा गरम झरा बारमाही वाहतो. थंडीत त्याच्यासारखं सुख नाही. पण आम्ही मे महिन्याच्या भर दुपारी, घामानं निथळत, त्या कढत पाण्याखाली एकेक करून उभे राहिलो. कोरडे कपडे घातले, ते लगेच घामानं भिजले. काका लालबुंद होऊन हसत सुटले, मग कुणालाच थांबता येईना. आजीनं लोटी त्याच झऱ्यावर भरून घेतली.

पुढे महिनाभर शेजारपाजारच्या बायका विचारत, “काय आजी, गंगा मिळाली का?” त्यावर ती ठामपणे सांगे, “आम्ही उन्हाळ्यावर आंघोळीला गेलो होतो. गंगा काय, वाटेत होती म्हणून डोकावलो.”