चौथऱ्यावरचे इंजिन

वाफेच्या इंजिनाकडे पाहण्याची आपली नजर वयाप्रमाणे बदलत जाते. लहानपणी त्याचा आकार आणि आवाज एवढेच पुरते. तरुणपणी ते काजळी उडवणारे, चढावर धापा टाकणारे, गाडीला उशीर करणारे यंत्र वाटते आणि डिझेल आले की सुटकेचा निःश्वास टाकला जातो. प्रौढ वयात कधीतरी लक्षात येते की ते रुळांवरून नाहीसे झाले आहे. उतारवयात ते पुन्हा दिसते ते कुठल्या तरी स्टेशनाबाहेरच्या चौथऱ्यावर, चकचकीत काळ्या रंगात, भोवती साखळ्या लावलेले. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीच्या अनेकांचे या यंत्राशी असलेले नाते याच पायऱ्यांनी उतरत आले. शेवटच्या पायरीबद्दल मला काही सांगायचे आहे. चौथऱ्यावर उभे केले म्हणजे इंजिन जपले, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. त्याने लोखंड राहते. ते लोखंड चालवण्याची विद्या राहत नाही. इंजिन जपायचे तर त्यात पुन्हा पाणी भरून, भट्टी पेटवून, दाब चढवून ते थोडे का होईना, चालले पाहिजे. आणि हे काम लातूर-नांदेडकडच्या माणसांनी स्वयंसेवेने हाती घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे लातूरच्या बाबतीत का लागू पडते ते बार्शी लाईट रेल्वेच्या इतिहासावरून कळते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा अडीच फुटी मार्ग १८९७ साली सुरू केला. पुढे तो १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या हद्दीतल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला. सगळा मिळून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. कॅलथ्रॉपचे तत्त्व साधे होते. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. त्यामुळे यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोंचे रूळ पुरले. आज ब्रॉडगेजवर मीटरला ६० किलोंचे रूळ असतात. हलक्या रुळांवर जड ओझे ओढता यावे म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्याने या मार्गासाठी खास इंजिने बांधली. इंजिनाचे वजन त्यांत इतक्या आसांवर वाटलेले होते की आठ चाके ओढीची आणि मागे आणखी चार भार पेलणारी. येथे सिद्ध झालेली ही पद्धत कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या मार्गावर नेली. बार्शीच्या माळरानावर कसाला उतरलेले ज्ञान इंग्लंडात गेले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. लातूरची पेठ वाढली त्यात या छोट्या गाडीचा हात होता आणि पंढरीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यातून गेल्या. १९५४ च्या जानेवारीत सरकारने ही कंपनी विकत घेतली. पुढे रुंदीकरण झाले आणि २०१० च्या सुमारास अडीच फुटी रुळांचा हा अध्याय संपला. नांदेडची कथा वेगळ्या मापाची आहे. निजामाच्या हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने विसाव्या शतकाच्या तोंडावर सिकंदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग टाकला, तो नांदेड, पूर्णा, परभणी, जालना करत गेला. पूर्णा जंक्शनच्या लोको शेडवर अनेक घरांच्या चुली पेटल्या. स्वातंत्र्यानंतर मीटरगेजवर आलेली वायपी आणि वायजी वर्गातली कितीतरी इंजिने जमशेदपूरच्या टेल्कोत बांधलेली होती. म्हणजे ती नुसती साहेबाची देणगी नव्हती.

नाहीसे काय होते, हे आता जवळून पाहू. इंजिनाच्या भट्टीच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना एकत्र धरून ठेवणारे शेकडो छोटे दांडे असतात. शेडमध्ये त्यांना स्टे म्हणतात. त्यातला एखादा आतल्या आत तुटला तर डोळ्यांना दिसत नाही. तपासणारा फिटर हातोडीने एकेक स्टे ठोकत जातो. धड स्टे खणकन वाजतो, तुटका बद्द आवाज करतो. हा फरक पुस्तकात लिहून कानाला येत नाही. धुरा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्याचेही तसेच. पितळेच्या पोटात व्हाइट मेटल ओतायचे, धुऱ्यावर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवून त्यावर बेअरिंग बसवून पाहायचे, जिथे निळे लागले तो उंचवटा हातातल्या स्क्रेपरने खरवडायचा आणि सगळीकडे सारखा रंग उमटेपर्यंत हे करत राहायचे. कुठे थांबायचे ते मनगटाला कळते. थंड बॉयलर घाईने तापवायचा नसतो, कारण भट्टीचे तांबे आणि भोवतीचे पोलाद सारखे फुगत नाही. म्हणून आदल्या दिवसापासून मंद आच ठेवतात. आपल्याकडे तर पाण्याचीच मोठी अडचण. मराठवाड्यातले विहिरी-बोअरचे पाणी जड. ते उकळले की नळ्यांवर क्षारांचा थर चढतो, त्यामागचा पत्रा वाजवीपेक्षा जास्त तापतो आणि कमकुवत होतो. बॉयलर केव्हा धुवायचा, पाण्यावर आधी कोणती प्रक्रिया करायची, हा इथल्या शेडच्या माणसांचा रोजचा अभ्यास होता. पखवाज भिंतीला टांगून ठेवला म्हणून वाजवण्याची विद्या टिकत नाही. इंजिनाचे तसेच आहे. भारतात ब्रॉडगेजवरचे रोजच्या सेवेतले वाफेचे इंजिन १९९५ मध्ये थांबले. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन आज पंचावन्न ओलांडून गेला आहे आणि त्याला शिकवणारे उस्ताद बहुतेक राहिलेले नाहीत. अजून पंधरा-वीस वर्षांनी शिकवायला कोणी नसेल.

स्वयंसेवक हे करू शकतात का, या प्रश्नाला जगाने उत्तर दिलेले आहे. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे बंद पडायच्या बेतात असताना काही हौशी माणसांनी १९५१ मध्ये ती चालवायला घेतली; स्वयंसेवकांनी चालवलेली ती जगातली पहिली रेल्वे, आणि ती आजही धावते. दक्षिण वेल्समधल्या बॅरीच्या भंगारवाड्यातून १९६८ ते १९९० या काळात २१३ इंजिने हौशी मंडळींनी वर्गणी काढून सोडवून नेली. वर्षानुवर्षे समुद्राचा खारा वारा खाऊन गंजलेल्या त्या सांगाड्यांपैकी बरीच पुन्हा वाफेवर आली. टॉर्नेडो या इंग्लंडातल्या इंजिनाची गोष्ट तर आणखी पुढची. त्या वर्गाचे एकही इंजिन उरले नव्हते, म्हणून लोकवर्गणीतून २००८ मध्ये ते नव्यानेच बांधले गेले. भारतातही दाखले आहेत. १८५५ सालचे फेअरी क्वीन, तेही लीड्सच्या त्याच किट्सन घराण्याच्या कारखान्यातले, १९०९ पासून थंड पडले होते. १९९७ मध्ये ते पुन्हा चालते केले गेले. पुढे त्याचे भाग गहाळ झाले, तरी पेरांबूरच्या कारखान्याने ते पुन्हा उभे केले आणि २०१७ मध्ये ते परत धावले. तिरुचिरापल्लीजवळच्या गोल्डन रॉक कारखान्याने निलगिरीच्या डोंगरी मार्गासाठी या शतकात नवी वाफेची इंजिने बांधली आहेत. म्हणजे कसब देशात आहे. प्रश्न ते आपल्या जिल्ह्यात आणण्याचा आहे. आणि आपण स्वस्थ बसलो तर काय होते तेही दिसले आहे. १९०७ साली बांधलेले माथेरानचे ७४० क्रमांकाचे इंजिन आज इंग्लंडातल्या लेटन बझर्ड इथल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहात आहे.

रेल्वेनेच हे का करू नये, असे कोणी विचारील. रेल्वेने जरूर मदत करावी: इंजिन द्यावे, जागा द्यावी, तपासणी करावी. पण रेल्वेचे पहिले काम गाड्या चालवणे आहे आणि आस्था असलेला अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो. स्वयंसेवक बदलून जात नाहीत. सत्तर वर्षांचा निवृत्त फिटर आणि सतरा वर्षांचा आयटीआयचा मुलगा एकाच बेअरिंगवर वाकलेले असतात, तेव्हाच कसब एका हातातून दुसऱ्या हातात जाते. पगारी व्यवस्थेत अशी गाठ क्वचित पडते. स्वयंसेवेत ती रोज पडते.

खरा आक्षेप दुष्काळाचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पहिल्या खेपेला, तिथे जुन्या इंजिनासाठी पैसा मागणे शोभते का? माझे उत्तर असे. पाण्याचा, शाळेचा, दवाखान्याचा एक रुपयाही या कामाला लागू नये. हे वर्गणीचे आणि श्रमदानाचेच काम असावे. मात्र ती पाण्याची गाडी, जलदूत, ज्या वाटेने आली ती मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर वाट, धाराशिवकडचा नवा वळसा सोडला तर, बार्शी लाईटनेच आखून दिलेली होती. ज्या कामाने संकटात आपल्याला पाणी पाजले, त्याची आठवण नुसत्या रंगाच्या हातावर भागवणे मला कृतघ्नपणाचे वाटते. शिवाय गरीब भागाला कसबी हातांची गरज श्रीमंत भागापेक्षा जास्त असते.

दुसरा आक्षेप धुराचा. हवामान बदलत असताना कोळसा जाळण्याचा उत्सव कशाला? इंजिन वर्षातून मोजके दिवस चालेल. परळीच्या औष्णिक केंद्रात रोज जळणाऱ्या कोळशापुढे त्याचा हिशेबही धरता येणार नाही. उलट एक टोपले कोळसा टाकल्यावर किती वाफ होते आणि ती किती अंतर नेते हे ज्याने पाहिले, त्याला ऊर्जेची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. तिसरा आक्षेप असा की हे साहेबाचे आणि निजामाचे वैभव. आपण ते का मिरवावे? मालकी त्यांची होती, घाम आपला होता. ती भट्टी फुंकणारे, रात्रीबेरात्री नळ्या झाडणारे, उन्हात रूळ सरळ करणारे बार्शी, ढोकी, मुरूड, पूर्णा, मुदखेडचे होते. त्यांच्या कामाची आठवण ठेवायला साहेबाला नमस्कार करावा लागत नाही.

चौथा आक्षेप मात्र मी काही अंशी मान्य करतो. इंजिन चालते करायचे म्हणजे जुने भाग काढून नवे घालावे लागणार. मग त्यातले जुने किती उरले? जे इंजिन आपल्या जातीचे एकटेच उरले आहे, त्याला हात लावू नये. त्याचे मूळ धातूकाम हाच पुरावा आहे आणि ते छपराखाली, कोरड्या जागी राहावे. पण ज्या वर्गाची अनेक इंजिने उरली आहेत, त्यातले एक निवडायला हरकत नाही. कारखान्यात आलेल्या इंजिनाला दुसऱ्याचा दुरुस्त केलेला बॉयलर बसवून परत धाडणे ही रेल्वेची नेहमीचीच रीत होती. सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. दाबाखालचा बॉयलर हौसेवर चालत नाही. नळ्या काढून आतून पाहणी, पत्र्याची जाडी मोजणे, चालवायच्या दाबाहून अधिक दाबाने पाण्याची चाचणी आणि जाणकार निरीक्षकाची सही, यांतले एकही राहिले तर भट्टी पेटवायची नाही.

आता आपल्याकडे काय आहे ते मोजून पाहा. लातूर-नांदेड हा साखर कारखान्यांचा पट्टा. दर गळीत हंगामात इथे बॉयलर पेटतात, ते सांभाळणारे परीक्षा उत्तीर्ण झालेले बॉयलर अटेंडंट आहेत आणि हंगाम संपला की त्यांच्या हाताला उसंत असते. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचा डबे बनवण्याचा कारखाना उभा आहे. दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आणि तंत्रनिकेतने आहेत, नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. फुकट कष्ट करण्याची सवय आपल्याला नवी नाही. नांदेडने सचखंड हुजूर साहिबच्या निमित्ताने सेवा म्हणजे काय ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे, आणि २०१६ मध्ये जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत सुरू झाली त्यातला एक, अंबाजोगाई, आपल्याच शेजारचा. बांधबंदिस्तीसाठी पहाटे टिकाव उचलणाऱ्या माणसांना स्पॅनर उचलणे जड जाणार नाही.

म्हणून सुरुवात लहान असावी. एक इंजिन, एक शेड आणि पाचशे मीटर रूळ एवढे पहिल्या दहा वर्षांना पुरेल. त्याआधी, आणि त्याला एक पैसाही लागत नाही, निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, फिटर यांच्याकडे जाऊन त्यांना जे येते ते त्यांच्या हातांसकट चित्रित करून ठेवावे. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात असा कोणी असेल तर या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. लोखंड अजून काही वर्षे थांबेल, ती माणसे थांबणार नाहीत.