मागे घेता येत नाही

ॲरिझोनात भाईजानच्या मोटरहोममधून आम्ही ग्रँड कॅन्यनला निघालो होतो. मागे त्यांची जीप जोडलेली, चारही चाकं रस्त्यावर. वळण चुकलं. मी म्हणालो, "भाईजान, जरा मागे घ्या ना."

"अशी जोडलेली गाडी मागे घेता येत नाही रे. तिची पुढची चाकं भलतीकडे वळतात, दांडा वाकतो."

मग अंधारात जीप सोडली, दोन्ही गाड्या वळवल्या, पुन्हा जोडल्या. तेव्हा कळलेलं सांगतो. अनोळखी रस्त्यात शिरण्याआधी बाहेर पडायला जागा आहे का, पाहावं. प्रत्येक गाडी अशी ओढता येत नाही, कित्येकींचा गिअरबॉक्स खराब होतो, मॅन्युअल वाचावं. जीपचं ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये हवं. मागच्या गाडीला स्वतंत्र ब्रेक यंत्रणा हवी, नाहीतर उतारावर तिचा सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. दांडा निसटलाच तर गाडी धरून ठेवायला दोन साखळ्या असतात, त्या दांड्याखालून फुली करून लावाव्यात.

मी जोडलेलं भाईजान टॉर्च घेऊन तपासू लागले. मला राग आला. एक साखळी लोंबकळत होती. आत त्यांच्या दोन्ही मुली झोपल्या होत्या.

ते काही बोलले नाहीत. पुढच्या प्रत्येक थांब्यावर मीच आधी उतरलो.