सातव्या खंडातलं छिद्र

कोकणात घोण दिसली की आधी चप्पल शोधायची, एवढंच आम्हाला लहानपणी शिकवलेलं. तिला किती पाय, डोळे कुठे, ती श्वास कशी घेते, असले प्रश्न डोक्यात आले नव्हते. ते आले टांझानियात, मोरोगोरोला. उलुगुरू डोंगरांच्या पायथ्याचं हे शहर. पावसाळ्यात घरमालकीणबाईंनी पाण्याच्या पिंपात बुडून मेलेली एक घोण काठीवर उचलून दाखवली. 'तांडू' म्हणाल्या आणि फेकायला निघाल्या. मी ती मागून घेतली. वीतभराला थोडी कमी, पाठ हिरवट-काळपट, पाय पिवळे आणि पायांवर निळसर पट्टे. एवढा देखणा जीव नाव न कळता फेकून द्यायचा, हे काही मनाला पटेना.

नाव शोधायला बसलो आणि चक्रावून गेलो. रंगावरून हाताला काहीच लागेना, कारण घोणींमध्ये एकाच जातीत रंग कमालीचे बदलतात. शिवाय संग्रहालयात मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यांचा रंग उडतो, त्यामुळे वर्गीकरण करणारे रंगावर फारसा भरवसा टाकतच नाहीत. मग पाय मोजले. तोंडाजवळच्या विषारी नांग्या सोडून २१ जोड्या. पण स्कोलोपेंड्रिडी कुळातल्या बहुतेक घोणींना तेवढ्याच असतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार साधे डोळे दिसले. तेही कुळापर्यंत नेऊन सोडून देतात.

घोणी ओळखण्याच्या प्रश्नावलीतला पुढचा प्रश्न होता: शरीराच्या सातव्या खंडावर श्वासरंध्र आहे का?

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. सातवा खंड शोधायचा कसा? मग भिंगाखाली पाठ नीट पाहिली आणि एक सुरेख रचना उलगडली. पाठीवरच्या पट्ट्या एक आखूड, एक लांब अशा आलटून पालटून येतात. फक्त सातवी आणि आठवी या लागोपाठच्या दोन्ही पट्ट्या लांब. तिथे क्रम मोडतो, म्हणजे खूणगाठ तिथेच. श्वासरंध्रं असतात ती लांब खंडांच्या कडेला, पायांच्या वर: तिसरा, पाचवा, मग आठवा, दहावा असं करत विसाव्यापर्यंत. स्कोलोपेंड्रा प्रजातीत सातवा खंड मात्र बंद असतो, म्हणून तिच्याकडे ९ जोड्या. माझ्या घोणीला पांढऱ्या बशीत कुशीवर वळवलं, चिमट्याने पाय खाली दाबले. सातव्या खंडावर अंडाकृती, उघडं छिद्र स्पष्ट दिसलं. स्कोलोपेंड्राची रंध्रं त्रिकोणी फटीसारखी, आत पडदे असलेली. हिची तशी नव्हती. जोड्या १०.

आफ्रिकेतल्या ॲलिपीस प्रजातीलाही सातव्या खंडावर रंध्र असतं, पण तिचे शेवटचे पाय पानासारखे चपटे असतात आणि ती ते हलवून आवाज करते. ती पाहताक्षणी ओळखू येते. माझ्या घोणीचे शेवटचे पाय साधे होते. ऱ्हायसिडा प्रजातीशी बारकाईने ताडून पाहिल्यावर उरलं ते एथमोस्टिग्मस. त्यातली आफ्रिकेत दूरवर पसरलेली जाती म्हणजे एथमोस्टिग्मस ट्रायगोनोपोडस. विल्यम लीच यांनी १८१७ मध्ये तिचं वर्णन केलं. एथमोस्टिग्मस हे प्रजातीचं नाव रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९८ मध्ये दिलं.

या प्रजातीतली तिची भावंडं सह्याद्रीतही आहेत, हे कळलं तेव्हा मला खरा आनंद झाला. जान्हवी जोशी आणि ग्रेगरी एजकोम्ब यांनी २०१८ मध्ये पश्चिम घाटातून एथमोस्टिग्मस सह्याद्रेन्सिस या नव्या जातीचं वर्णन केलं. आफ्रिका, भारत आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडणारं हे गोत गोंडवन भूमीच्या काळापर्यंत मागे जातं, असं त्यांचं संशोधन सांगतं. ज्या घोणीवर आम्ही चपला उगारत होतो, तिच्या कुळाचा इतिहास डोंगरांइतका जुना आहे.

म्हणून एक विनंती. पावसाळ्यात घोण दिसली तर हात लावू नका, चावा फार दुखतो. पण मारूही नका. लांबूनच फोटो घ्या, पाठीचा एक आणि कुशीचा एक, सातवा-आठवा खंड नीट दिसेल असा, आणि गाव व तारीख लिहून ठेवा. नुसत्या पाठीच्या फोटोवरून नाव सांगणं अभ्यासकांनाही अवघड जातं.