पाट्यांवरचा भार

माझी किट कार एमजीबीच्या सामानावर उभी आहे. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनत होती. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अखंड ॲक्सल घेऊन कुणीतरी त्यावर हलकी फायबरग्लासची बॉडी चढवलेली. बर्मिंगहॅममध्ये मी ती घेतली. सरळ रस्त्यावर छान पळायची, पण ओल्या चौकातून जरा जोरात निघालं की मागे धडधड सुरू व्हायची आणि चाकं जागच्या जागी उड्या मारायची.

खाली काय चाललंय ते बघायला चासीला छोटा कॅमेरा बांधला आणि मोकळ्या आवारात क्लच सोडला. व्हिडिओ सावकाश फिरवल्यावर सगळं उघड झालं. चाकं पुढे फिरतात तेव्हा ॲक्सल उलटा फिरू पाहतो आणि डिफरन्शियलचं तोंड वर उचललं जातं. त्याला आवरायला लीफ स्प्रिंगच्या पाट्यांशिवाय कुणीच नाही. पाटा ॲक्सलच्या पुढे वर फुगतो, मागे खाली दबतो. टायर घसरला की पीळ सुटतो, टायरने पकडलं की पुन्हा भरतो. हीच ती धडधड.

गाडी हलकी आहे म्हणून आधीच्या मालकाने एक पाटा काढून टाकला होता. गाडी मऊ झाली खरी, पण पीळ सोसायची ताकदही त्या पाट्याबरोबर गेली. या रचनेचं दुखणं माझ्या मते इथेच आहे. वजन पेलायचं, ॲक्सल जागेवर धरायचा आणि पीळही सोसायचा, ही सगळी कामं एकट्या पाट्यांच्या माथी. मऊपणा हवा असेल तर बाकीची कामं दुसऱ्या कुणाकडे सोपवायलाच हवीत. शेल्बी कंपनीने १९६५च्या मस्टँग जीटी ३५० गाडीला ॲक्सलचा पीळ सोसणारे ट्रॅक्शन बार दिले ते यासाठीच.

मी दोन्ही बाजूंना त्याच कामाचे अँटी-ट्रॅम्प बार घातले. बारचं पुढचं टोक पाट्याच्या पुढच्या बुशजवळ हवं आणि लांबी तिथून ॲक्सलपर्यंतच्या पाट्याएवढी. नाहीतर दोघे वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि ॲक्सल अडकतो. म्हणून ब्रॅकेट आधी नुसते टॅक करून, जॅकवर ॲक्सल पूर्ण वर-खाली करून पाहिला आणि मगच पक्कं वेल्डिंग केलं.

वळणावर ॲक्सल आडवा सरकायचा, त्यासाठी एका टोकाने चासीला आणि दुसऱ्याने ॲक्सलला जोडलेला आडवा पॅनहार्ड रॉड. तो जितका लांब तितका चांगला: ९०० मिलिमीटरचा, उभ्या गाडीत आडवा समतल असलेला रॉड ॲक्सल ६० मिलिमीटर उचलला तरी त्याला बाजूला जेमतेम २ मिलिमीटर ओढतो. रॉड निम्मा केला तर ४. जेम्स वॉटच्या १७८४च्या पेटंटातली जोडणी यापेक्षा सरस, ॲक्सलला जवळपास सरळ रेषेत चालवणारी. वॉटची कबर बर्मिंगहॅममध्येच, हँड्सवर्थच्या चर्चमध्ये आहे. त्याची जोडणी गाडीला लावायला मला मनापासून आवडलं असतं. पण पेट्रोलच्या टाकीपुढे तेवढी जागाच नव्हती.

आता ओल्या चौकातही गाडी न धडधडता निघते आणि काढलेला पाटा परत घालावा लागला नाही.

तुमच्याही गाडीला पाटे असतील तर बार विकत घेण्याआधी यू-बोल्ट आणि बुश तपासा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. हवेत आवळलेलं रबर गाडी खाली येताच पिळतं आणि लवकर फाटतं.