महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळपर्यंत

कोल्हापुरात उघड्या अंगाने वावरण्याची लाज कुणी बाळगत नाही. पंचगंगेच्या घाटावर सकाळी पोहायला येणारी मुले पहा, तालमीतल्या लाल मातीत लंगोट कसून उतरणारे पोरसवदा मल्ल पहा. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधून कुस्तीला जिथे राजाश्रय दिला, त्या गावात सदरा काढणे हा जणू वयात येण्याचाच एक विधी आहे. आणि म्हणूनच, वाचकहो, ज्या मुलाची छाती वाढलेली आहे त्याला हे गाव फार अवघड जाते. तो घाटावर येतो, पण पायरीवर सोबत्यांच्या कपड्यांची राखण करीत बसतो. तालमीत बनियन घालून उतरतो. आठवड्याभरात त्याला टोपणनाव मिळते आणि पुढच्या आठवड्यात तालीम सुटते. माझ्या दवाखान्यात अशी मुले बहुधा खोकल्याचे निमित्त करून येतात. स्टेथोस्कोप लावण्यासाठी शर्ट वर करायची वेळ आली, की खरी तक्रार समजते.

गेल्या वर्षी असाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याचे वडील आणि मी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईस निघालो. मला तिकडे काही काम होते. त्यांना एका खासगी दवाखान्यात शस्त्रक्रियेचे पक्के करावयाचे होते. मिरज जाईपर्यंत वडील काही बोलले नाहीत. मग मुलगा वरच्या बर्थवर चढल्यावर त्यांनी हळूच विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, हे नुसतं दिसण्यासाठीच हाय का? का खरंच आजार हाय?’’

हा प्रश्न तुमच्याही मनात असेल. पुरुषांच्या स्तनवृद्धीला वैद्यकात गायनेकोमास्टिया म्हणतात. पुरुषाच्याही छातीत स्तनग्रंथी असतेच. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन यांचा तोल ढळला की ती वाढते. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांत ती थोडीफार वाढते, कधी दुखतेही, आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्याची घाई कुणी करू नये. स्थूल मुलांत पुष्कळदा ग्रंथी नसून केवळ चरबी असते. तेथे आधी वजन उतरवावे. बोटांनी चाचपून पाहिले, तर स्तनाग्रामागे रबरासारखी चकती लागते ती ग्रंथी.

प्रौढ माणसात मात्र कारण शोधल्यावाचून पुढे जाऊ नये. स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, रिस्पेरिडोन अशी औषधे, व्यायामशाळेत चोरून घेतलेली स्टिरॉइड्स, दारूने खराब झालेले यकृत, मूत्रपिंडाचा वा थायरॉइडचा विकार, क्वचित वृषणाची गाठ. यांतले काहीही मागे असू शकते. त्यामुळे डॉक्टरांनी वृषण तपासणे हा अभद्रपणा नव्हे; ते न तपासणे ही हयगय होय. एकाच बाजूची, दगडासारखी कठीण, मध्यापासून बाजूला असलेली गाठ किंवा स्तनाग्रातून रक्त दिसल्यास विलंब नको. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी सुमारे एक टक्का पुरुषांना होतात.

या मुलाच्या तपासण्या मी कोल्हापुरातच करवल्या होत्या व त्या निर्दोष होत्या. वाढ पाच वर्षांची, म्हणजे ग्रंथी आता तंतुमय झालेली. सुरुवातीच्या महिन्यांत तज्ज्ञ कधी टॅमॉक्सिफेन देतात. इतक्या काळानंतर त्याचा फारसा उपयोग होत नाही. उरतो तो शस्त्रक्रियेचा मार्ग. तेव्हा वडिलांना मी सांगितले, की जिवाला धोका नाही, परंतु मुलाने तालीम सोडली, पोहणे सोडले आणि उन्हाळ्यातही तो जाड सदरा घालतो. याला ‘नुसते दिसणे’ म्हणणे मला तरी मान्य नाही.

दुसऱ्या दिवशी खासगी दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर बसलो. वातानुकूलित खोली, भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे. डॉक्टरांची भेट होण्यापूर्वीच समुपदेशक म्हणविणाऱ्या तरुणीने हप्त्यांचा तक्ता पुढे केला. पॅकेज ८५,००० रुपयांचे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १५,३००. शस्त्रक्रियेनंतरचा दाबपट्ट्याचा बनियन, रक्ताच्या तपासण्या आणि काढलेल्या ग्रंथीची सूक्ष्मदर्शक तपासणी वेगळी. भूल देणारे डॉक्टर कोण, हे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. वडिलांचा हात खिशाकडे गेला. पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून त्यांनी पैसे आणले होते, हे मला तेव्हा कळले. मी आगाऊ रक्कम भरू दिली नाही.

पैशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कुटुंबे येथेच फसतात. रुग्णसेवेवर एरवी जीएसटी नसतो, सौंदर्योपचारावर असतो. मात्र जन्मजात किंवा वाढीतील दोषामुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी त्यातून वगळलेली आहे. आपल्या बिलात ही शस्त्रक्रिया कशात धरली, ते आधी विचारावे. आरोग्य विम्यातही सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते. ती वैद्यकीय गरज आहे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास दावा करता येतो, तरी तो नाकारला जाण्याची तयारी ठेवावी. विमा कंपनीचे उत्तर तारीख ठरविण्याआधी आणि लेखी घ्यावे. दूरध्वनीवरचे आश्वासन डिस्चार्जच्या दिवशी कामास येत नाही.

तेथून आम्ही परळला गेलो. मुंबईकर नसाल तर परळ एकदा सावकाश पाहून घ्या. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. पण आचार्य दोंदे मार्गावर केईएम, वाडिया आणि जवळच टाटा रुग्णालय अशी आजारी माणसांची एक वेगळीच पेठ अजून तशीच आहे. पदपथावर पथाऱ्या, दोरीवर वाळणारे टॉवेल, हातात एक्स-रेची मोठी पाकिटे. १९२६ साली सुरू झालेल्या केईएमशी संलग्न गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाला देणगी देताना, तेथे भारतीय डॉक्टरांचीच नेमणूक व्हावी, अशी अट घालण्यात आली होती. दगडी इमारतीच्या सावलीत उभे राहिले, की ती अट आठवून मला अजून बरे वाटते.

रांगेत मुलगा माझ्याआड उभा होता. प्लास्टिक सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागात भाजलेली बाई, यंत्रात बोटे गेलेला कामगार, दुभंगलेल्या ओठाचे तान्हे मूल. त्याने ती सारी पाहिली आणि म्हणाला, ‘‘डॉक्टर, आपलं काय हे? चला परत.’’ आतल्या सर्जनबाईंनी मात्र त्याला पडद्यामागे नीट तपासले, चरबी नळीने ओढून घ्यायची आणि ग्रंथी स्तनाग्राच्या कडेच्या लहान छेदातून काढायची, असे चित्र काढून दाखवले. रक्त साचणे, बधिरपणा, दोन्ही बाजू किंचित वेगळ्या दिसणे, सर्व गोष्टी न लपवता सांगितल्या. भाजलेल्यांना आणि जखमींना आधी घ्यावे लागते, तुम्हाला थांबावे लागेल, हेही सांगितले. खर्च मात्र पाटल्या सोडवून घेता येतील इतकाच होता.

निर्णय वडिलांनी मुलावर सोपवला. त्याने चार महिने वाट पाहणे पत्करले. ज्यांना नोकरीमुळे रजा मिळत नाही, त्यांनी प्लास्टिक सर्जरीची मान्यताप्राप्त पदवी असलेला खासगी सर्जन निवडला तर त्यात गैर काही नाही. फक्त संपूर्ण अंदाजपत्रक कागदावर मागावे.

शस्त्रक्रिया झाली. वडिलांनी येताना खालचा बर्थ मागून घेतला, कारण काही दिवस हात वर करून चढता येत नाही. दाबपट्ट्याचा बनियन सुमारे सहा आठवडे वापरायचा होता. घामाने त्रास होतो म्हणून दोन घेतले, एक धुण्यात, एक अंगात. ग्रंथीचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. तो निर्दोष होता, आणि आता माझ्याकडच्या त्याच्या फायलीत लावलेला आहे.