चिंगीची नखं आणि माझा राग



आजचा विषय तसा घरगुती आहे आणि थोडा लाजेचाही. पण दशलक्षण पर्व जवळ आलं की मला तो आठवतोच, म्हणून एकदा लिहून टाकते.

आमच्याकडे मांजर आहे. आम्ही आणली नाही, ती आली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं, तेव्हा आम्ही खालचं सामान वर चढवत होतो. जिन्यात एक भिजलेलं, तळहाताएवढं पिल्लू बसलं होतं. तीच चिंगी. हिंस्र प्राणी पाळू नयेत असं आपल्याकडे सांगितलेलं आहे आणि ते का, हे मला ती मोठी झाल्यावर नीट कळलं. मांजर दूधभातावर जगत नाही, तिच्या शरीराला मांसातलंच पोषण लागतं. तिचं कोरडं खाणं मुलगा गॅलरीत देतो, ते भांडं स्वयंपाकघरात येत नाही. तरी मनातली टोचणी संपलेली नाही. पण दारात आलेल्या जिवाला पुरात ढकलणार कसं?

त्याच दिवशी आम्ही सासऱ्यांची सागवानी आरामखुर्चीही वर नेली होती. ते जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी ते त्या वेताच्या खुर्चीत बसून स्वाध्याय करायचे. सासूबाई त्या खुर्चीत कधी बसत नाहीत, पण रोज फडक्यानं पुसतात. पुरातून वाचलेली ही खुर्ची पुढे चिंगीच्या नखांतून वाचेना. आधी हॉलमधल्या गालिच्याचे धागे निघाले, मग सोफ्याचा कोपरा, मग खुर्चीचा हात.

उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. आमचे अहो म्हणाले, "गॅलरीत बांधून ठेव." जाऊबाई म्हणाल्या, "दोन दिवस उपाशी ठेवा, सरळ येते की नाही बघा." परदेशातल्या एका नातेवाइकांनी फोनवर सांगितलं, तिकडे ऑपरेशन करून नखंच काढून टाकतात. शेजारणीनं डांबरगोळ्या ठेवायला सांगितल्या. मी सगळ्यांना हो हो म्हणत राहिले.

मग दशलक्षणाचा पहिला दिवस आला, उत्तम क्षमेचा. मंदिरातून अभिषेक पाहून घरी आले तर खुर्चीच्या पाठीचा वेत फाटून लोंबत होता आणि चिंगी तिथेच अंग ताणत उभी. माझ्या हातात केव्हा झाडू आला मला कळलं नाही. दांडा तिच्या पाठीत बसला. ती जी पलंगाखाली गेली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. त्या दिवशी माझं एकासन होतं. सामायिकाला बसले तर डोळ्यांसमोर पलंगाखालचा अंधार येत राहिला. क्षमेवरचं प्रवचन ऐकून अजून तासही झाला नव्हता!

सासूबाई पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत.

तुम्हाला माहीतच आहे, या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय घेतात. सातव्या दिवशी सातवा अध्याय आला. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. इतकी वर्षं मी ते पाठ म्हणत होते. पंडितजींनी अर्थ सांगितला, की इथे वध म्हणजे जीव घेणं नव्हे, काठीनं, चाबकानं मारणं. बंध म्हणजे बांधून ठेवणं, छेद म्हणजे अवयव कापणं, अन्नपाननिरोध म्हणजे उपाशी ठेवणं. मी मोजलं. पाचांपैकी तीन गोष्टी आमच्याच घरात, एका मांजरीवरून बोलल्या गेल्या होत्या. आणि एक तर मी करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी चिंगीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. मार लागला नव्हता. पण त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत असतं तर! नखं काढणं म्हणजे नुसती नखं कापणं नाही, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापून टाकतात. आणि मांजर ओरबाडते ती खोडसाळपणानं नाही. नखांवरची जुनी टरफलं अशानं निघतात, झोपेतून उठल्यावर अंग ताणलं जातं आणि पंजातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. हे घर माझं, असं ती आपल्या भाषेत लिहून ठेवते. मारलं तर ओरबाडणं थांबत नाही, ती फक्त आपल्याला घाबरते आणि आपल्या पाठीमागे ओरबाडते. स्वभाव मोडता येत नाही, त्याला जागा द्यावी लागते.

ती जागा आम्ही अशी दिली. माळ्यावर जुन्या घराच्या वाशाचा तीन फुटी तुकडा होता. त्याला तागाची सुतळी घट्ट गुंडाळली आणि खाली पाट ठोकला. पहिल्याच दिवशी तो डुगडुगला आणि चिंगीनं तोंड फिरवलं. मग पाटाखाली फरशीचा जड तुकडा बसवला. मांजरीला पूर्ण ताणून उभं राहता येईल एवढी उंची हवी आणि खांब हलता कामा नये, ही खरी गोम आहे. तो कोपऱ्यात लपवू नका. ती जिथे झोपते आणि जिथे ओरबाडते, तिथेच ठेवा. आमचा खांब थेट सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. गालिच्यासाठी काथ्याचं पायपुसणं आडवं टाकलं, कारण काही मांजरांना आडवं ओरबाडायला आवडतं. सोफ्याच्या कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली, तो चिकटपणा त्यांना सोसत नाही. खांबावर नखं चालवली की लगेच कौतुक आणि खेळ. नखांची टोकं दर दोन-तीन आठवड्यांनी कापतो, फक्त टोकं. आतल्या गुलाबी भागाला कात्री लागली तर रक्त येतं. डांबरगोळ्या आणि नीलगिरीचं तेल मात्र अजिबात नको, दोन्ही मांजरीला विषारी.

महिनाभरात गालिचा सुटला. सोफा जवळजवळ सुटला. खुर्चीवर अजूनही कधीतरी नखं पडतात, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागून झाल्यावर मी सासूबाईंपुढे गेले. खुर्चीबद्दल मागितली. त्या म्हणाल्या, "खुर्चीबद्दल माझ्याकडे काय मागतेस? वेत परत विणून मिळतो. जिला मारलंस तिच्याकडे जा."

गेले. चिंगी खुर्चीत झोपली होती. हात जवळ नेला तशी दचकून उठली. माझा हात पाहून दचकण्याची तिची सवय जायला खांबाच्या सवयीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले.

वेत आम्ही पुन्हा विणून घेतला. खुर्चीच्या हातावरचे ओरखडे तसेच ठेवलेत. सासूबाई ती आता रोज दोनदा पुसतात, एकदा धूळ म्हणून आणि एकदा केस म्हणून.

जय जिनेंद्र.