खलनायकाची पहिली पायरी

वर्सोव्याहून फेरीबोटीनें मढला बहिणीकडे गेलों, तों भाचा संगणकापुढें हात आंखडून बसलेला. खेळ 'वॉरक्राफ्ट' मालिकेंतला, २००२ सालचा. त्यांतील आर्थस नांवाच्या राजपुत्राच्या एका नगरांत रोगट धान्य पोंचलें आहे. तें खाल्लेलीं माणसें मरून पिशाच्चें होणार. म्हणून तो आपल्याच प्रजेची कत्तल मांडतो. वृद्ध गुरु या कामास नकार देतो. पुढें हाच आर्थस पित्याचा वध करतो. आणि २००८ सालीं त्याच्याशीं लढावयास जगभरचे खेळाडू आंतरजालावर एकत्र जमले.

मला 'भावबंधना'तला घनश्याम आठवला. १९१९ सालीं गडकरी वारले, आणि त्यानंतर तें नाटक रंगभूमीवर आलें. चिंतामणराव कोल्हटकरांनीं गाजविलेली ती भूमिका! लतिकेनें केलेल्या अपमानाचा घनश्याम सूड घेतो. सूड निंद्य खरा. परंतु अपमानाची आग खोटी नाहीं, म्हणूनच प्रेक्षक त्याला नुसते शिव्याशाप देऊन मोकळा होऊं शकत नाहीं. जन्मतःच दुष्ट असा राक्षस मेला कीं विसरतो (मला तर त्याची कींवच येते). घनश्यामाची पहिली पायरी मात्र आपल्याच उंबरठ्याला लागून असते.

नाट्यगृहांत निदान आपण खुर्चीवर असतों. येथें तरवार राजपुत्राची, पण बोट खेळणाऱ्याचें.

"मामा, तुम्ही काय केलें असतें?" भाच्यानें विचारलें.

"गुरूसारखा नकार दिला असता."

"मग रोग राज्यभर पसरला असता."

कोळीवाड्यांतून सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता. बहिणीनें जेवावयास हांक मारली. आम्ही दोघेही उठलों नाहीं.